दीड युनिटाचा वैरी

प्राणहितेवर पूल नव्हता तेव्हा गडचिरोलीतल्या अहेरीचा माणूस नदीपलीकडे जायचा तो नावेतून, नाहीतर डोंग्यातून. पलीकडे आता तेलंगण आहे, आधी आंध्र होते. डोंगा म्हणजे कोरून काढलेले झाडाचे खोड. त्यात चार माणसे, तांदळाचे पोते, एखादी सायकल. काठ सोडला की या सगळ्याचे वजन संपते. खरे तर संपत नाही. पाणी ते तोलून धरते. पण माणसाच्या दृष्टीने परिणाम तोच. नावाड्याला पोते उचलावे लागत नाही, माणसे उचलावी लागत नाहीत. उचलण्याचे काम नदी फुकट करते.

तरी नावाड्याच्या हातात बांबू असतो. तो कशासाठी, एवढाच या मजकुराचा प्रश्न आहे.

गुरुत्वाकर्षणाला चकवून उडणाऱ्या वाहनांची चर्चा अधूनमधून उफाळून येते. पंख नकोत, धावपट्टी नको, धूर नको. कळ दाबायची, वजन शून्य, आणि माणूस मुंबईहून लंडनला तासाभरात. तिथून पुढे मंगळ. अशी चर्चा एकाच ठिकाणी अडते: असे यंत्र बनेल की नाही बनेल? बनेल म्हणणारे आणि नाही म्हणणारे, दोघेही एक गोष्ट गृहीत धरतात. वजन गेले की प्रवास सुटला. हे गृहीत कोणी तपासत नाही.

तपासायला शाळेतले गणित पुरते. साठ किलोचा माणूस घ्या. दहा किलोमीटर उंची घ्या, म्हणजे मोठी विमाने जातात ती. वस्तुमान, ९.८ आणि उंची यांचा गुणाकार करा. ५८ लाख ८० हजार ज्यूल. आकडा मोठा वाटतो. विजेच्या मीटरवर तो १.६३ युनिट होतो. छताचा जुना पंखा रात्रंदिवस चालू राहिला तर साधारण एवढीच वीज जाते. एक माणूस जमिनीवरून ढगांच्या वर नेण्याचे गुरुत्वाकर्षणाचे बिल हे एवढे. पृथ्वीच्या ओढीतून पार सुटायचे म्हटले तर त्याच माणसाला हजारेक युनिट लागतील. तेही एखाद्या घराचे काही महिन्यांचे बिल झाले.

विमानाच्या तिकिटाला मग एवढे पैसे का पडतात? कारण विमान दीड युनिटाशी झगडत नसते. ते हवा कापत असते, हवेवर टेकून राहत असते, आणि सोबत स्वतःचे धूड व इंधन वाहत असते. माणसाला वर नेणे हा त्या खर्चातला किरकोळ भाग.

आणि सपाट वाटेवर तर तोही नाही. डोक्यावर ओझे घेऊन सपाट रस्त्याने चालणाऱ्या हमालाने गुरुत्वाकर्षणाविरुद्ध केलेले कार्य शून्य, असे आपण सगळे पाठ करून परीक्षेत लिहून आलो आहोत. हमालाला घाम का येतो, हे त्या धड्यात नव्हते.

गुरुत्वाकर्षणाशी उघड वैर धरणारा सर्वांत पैसेवाला माणूस अमेरिकन होता. रॉजर बॅबसन. शेअर बाजाराची भाकिते सांगून तो श्रीमंत झाला. १९२९ च्या पडझडीचा इशारा आधी देणाऱ्यांत त्याचे नाव घेतात. त्याची बहीण नदीत बुडाली होती. पुढे १९४७ मध्ये नातूही बुडून गेला. बॅबसनने दोष प्रवाहाला दिला नाही, खोल पाण्याला दिला नाही. गुरुत्वाकर्षणाला दिला. लेख लिहून त्याला शत्रू क्रमांक एक ठरवले आणि १९४८ मध्ये त्याच्याशी लढायला संस्था काढली.

नदीकाठच्या माणसाला हा आरोप चमत्कारिक वाटेल. माणसाचे शरीर पाण्याहून फारसे जड नसते. बुडणारा जवळजवळ तरंगतच असतो. त्याला नेते ती धार, लागलेली धाप, आणि हातापायाला काही न लागणे. वैनगंगेत, प्राणहितेत, इंद्रावतीत पावसाळ्यात माणसे जातात. त्यांच्या घरचे लोक गुरुत्वाकर्षणाला बोल लावत नाहीत. पूल का नव्हता, असे विचारतात.

बॅबसनच्या संस्थेचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. ती निबंधस्पर्धा घेऊ लागली. आरंभी हवा होता गुरुत्व अडवणारा पदार्थ. १९५३ चे पहिले बक्षीस ब्राइस डीविट यांना मिळाले. असा पदार्थ शोधत बसण्यात अर्थ नाही, हेच त्यांनी निबंधात सांगितले होते. १९७१ चे स्टीफन हॉकिंग यांना. २००८ चे पहिले बक्षीस पुण्यात आले, आयुकातल्या थनू पद्मनाभन यांना. गुरुत्वाकर्षणाला मारण्यासाठी ठेवलेला पैसा ते समजून घेणाऱ्यांच्या हाती पडत गेला. पदार्थ घेऊन कोणी आले नाही.

आपल्याकडचा दाखला शिवकर बापूजी तळपदे यांचा. १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर त्यांनी विमान उडवले आणि ते पाऱ्याच्या शक्तीवर चालत होते, अशी कथा आहे. पुरावा म्हणावा असे काही हाती नाही. त्या कथेला वैमानिक शास्त्र या ज्या पोथीचा टेकू दिला जातो, तिची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ मध्ये केली. पोथी विसाव्या शतकातली निघाली आणि त्यातली विमाने उडण्यालायक नाहीत असे ठरले. तरी जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेलाच. ते असो. कथा खरी धरून चालू. कथेतले विमान पंधराशे फूट वर जाते आणि खाली पडते. ते कुठे निघाले होते? सव्वाशे वर्षांत हे विचारावेसे कोणाला वाटलेले नाही. उंची सांगितली की आपले समाधान होते.

आता यंत्राचा प्रश्न. समजा गुरुत्व अडवणारी एक पाटी सापडली. तिच्यावर आलेली वस्तू हलकी होते. विहिरीवरचा रहाट असा बसवा की त्याची एक बाजू पाटीवर येईल आणि दुसरी बाहेर राहील. बाहेरची बाजू जड, ती खाली जाणार. फिरून पाटीवर आली की हलकी होणार, तोवर दुसरी बाजू जड होऊन खाली निघालेली. रहाट थांबणारच नाही. बैल नको, मोटार नको. निसर्ग असा उधारीचा व्यवहार करत नाही. म्हणजे पाटीवर पाऊल ठेवतानाच एक न दिसणारा चढ चढावा लागणार. पाटीवर वजन पार शून्य होणार असेल तर हा चढ पृथ्वीपासून पार सुटण्याइतका निघतो. तेच हजार युनिट. वजन घालवून बिल चुकवता येत नाही. ते आगाऊ भरावे लागते.

दुसरी आशा प्रतिद्रव्याची होती. साधे द्रव्य खाली पडते, तर प्रतिद्रव्य कदाचित वर जाईल. २०२३ मध्ये सर्नमधल्या आल्फा गटाने प्रतिहायड्रोजनाचे अणू मोकळे सोडून पाहिले. ते खाली आले. मोजमाप अजून बारीक व्हायचे आहे, दिशेबद्दल मात्र वाद उरलेला नाही. विश्वाचे प्रसरण वाढत्या वेगाने होते आहे आणि त्यामागे काहीतरी दूर लोटणारे आहे, हेही खरे. पण त्याचा जोर दिसतो तो आकाशगंगांमधल्या अंतरावर. त्याच्यावर बसून कोठे जाता येत नाही.

पण हा सगळा भाग सोडून देऊ. यंत्र मिळाले असे धरू.

आलापल्लीच्या जंगलातला सागवानाचा ओंडका घ्या. अर्धा टन वजनाचा. असले ओंडके हलवायला वनखात्याने हत्ती ठेवले होते. याच अहेरी तालुक्यातला कमलापूरचा हत्ती कॅम्प त्या कामातून उभा राहिला. हत्ती असा ओंडका बहुतेक वेळ ओढतो, रेटतो, लोळवतो. हा ओंडका यंत्राने अधांतरी तरंगत ठेवला. आता तो जागचा हलवायचा आहे. जोर लावावाच लागेल. वजन गेले, वस्तुमान गेलेले नाही. एकदा हलला की थांबवायलाही तसाच जोर लागेल. आडवे उभे राहून थांबवू पाहाल तर बरगड्या जातील. याच्या प्रचितीसाठी अंतराळात जायला नको. पुरात वाहत येणाऱ्या ओंडक्याबद्दल नावाड्याला विचारावे. पाण्यात त्या ओंडक्याचे वजन जाणवत नाही. नावा फोडतो तो तोच.

म्हणून बांबू.

बांबू नदीच्या तळाला टेकतो. नावाडी तळ मागे रेटतो तेव्हा डोंगा पुढे जातो. डोंगा वळतो तो बांबूने आणि पलीकडच्या काठाला हळूच लागतो तोही बांबूने. तरंगणे पाणी देते. जाणे तळ देतो. जुलैत नदी भरते, बांबू तळाला पुरत नाही. डोंगा उन्हाळ्यात होता तेवढाच हलका असतो. वाळूत अडकण्याची भीतीही उरलेली नसते. नेमके तेव्हाच तो काठाला बांधून ठेवतात. रेटायला खाली काही नसते आणि धारेच्या मनात असेल तिकडे जायची कोणाची तयारी नसते.

प्रवास म्हणजे कशाला तरी रेटणे. पायी जाणारा जमीन रेटतो, एसटी सडक रेटते, विमान हवा रेटते. अवकाशात रेटायला काही नाही. म्हणून रॉकेट रेटायचे सामान घरून घेऊन निघते आणि वाटेत मागे टाकत जाते. हे सामान शेवटी कुठे जाते ते चंद्रपूर जिल्ह्याला माहीत आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत आभाळातून धातूचे कडे पडले. तीनेक मीटर व्यासाचे, चाळीसेक किलोचे. घरांपासून जवळच, मोकळ्या जागेत. परिसरात धातूचे गोळेही सापडले. चिनी लाँग मार्च रॉकेटचे अवशेष, असे जाणकारांनी सांगितले. कडे पोलीस ठाण्यात नेऊन ठेवले गेले, इस्रोचे लोक येऊन पाहून गेले. त्या जातीचे रॉकेट चारशे टनांहून जड असते. दूरच्या कक्षेकडे त्यातले पाच-साडेपाच टन जातात. उरलेले सगळे रेटण्यासाठी, आणि रेटून झाल्यावर कुठेतरी पडण्यासाठी.

प्रतिगुरुत्वाची बाजू घेणारे इथे म्हणतील, म्हणूनच तर आमचे यंत्र हवे. त्यांचा हा मुद्दा खरा आहे, आणि त्यांच्याकडचा सर्वांत चांगलाही. वजन नसलेल्या यानाला एवढे सामान लागणार नाही. कमी लागेल. पण लागेल. तरंगत्या यानाला चंद्राच्या दिशेने वळायचे तर काहीतरी मागे फेकावेच लागते, आणि चंद्रापाशी थांबायचे तर पुढे. यंत्राच्या चित्रात हा भाग कधी दाखवत नाहीत. चित्रात यान नेहमी तरंगत असते.

जमिनीवर तर वजन वैरी नाहीच, सोबती आहे. टायरची सडकेवर पकड बसते ती वजनाने. ब्रेक लागतो तो वजनाने. पकड काढून घेतो तो चिखल. पावसाळ्यात कच्च्या वाटेवर ट्रॅक्टर फसतो, चाक जागच्या जागी गरगरते, चिखल उडतो. मग लोक चाकाखाली दगड सारतात, फांद्या तोडून टाकतात. दोघे-तिघे मागच्या मडगार्डवर चढून बसतात. वजन वाढवायला. भविष्यातल्या प्रवासावर बोलणाऱ्यांनी एकदा हे उभे राहून पाहावे. अडकलेली माणसे वजन मागत असतात.

तरंगत जाण्याचा प्रयोग झालेला नाही असेही नाही. चुंबकावर तरंगणारी जपानी गाडी एप्रिल २०१५ मध्ये ताशी ६०३ किलोमीटरने गेली. रुळाला न टेकता. टोकियो ते नागोया हा तिचा मार्ग २०२७ मध्ये सुरू व्हायचा होता. ती मुदत सोडून द्यावी लागली. तरंगण्यात काही खोट नव्हती. गाडीला रेटायला दोन्ही बाजूंच्या भिंतींत बसवलेली वेटोळी लागतात. भिंतीला मार्ग लागतो, मार्गाला जमीन लागते, डोंगर आला की बोगदा लागतो. शिझुओका प्रांतातल्या बोगद्याने ओई नदीचे पाणी कमी होईल, या आक्षेपावर गाडे अडले. सहाशेच्या वेगाने तरंगणारी गाडी एका नदीच्या पाण्यापाशी वर्षानुवर्षे थांबली.

महाराष्ट्राने एवढीही मजल मारली नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबई-पुणे हायपरलूपची कोनशिला पंतप्रधानांच्या हस्ते बसली. जवळजवळ निर्वात नळीतून तरंगत अर्ध्या तासाच्या आत पुणे, असे सांगितले गेले. २०१९ मध्ये राज्य सरकारने प्रकल्पाला पुढची मान्यताही दिली. २०२३ संपता संपता ती बांधणारी कंपनीच बंद झाली. खंडाळ्याच्या घाटात अजून वाहने एकामागे एक उभी असतात. तिथे कोणाचे वजन आड आलेले नसते.

असे यंत्र दाखवायला कोणी आले तर त्याला प्रयोगशाळेत नेऊ नये. ऑगस्टमध्ये प्राणहितेच्या काठी आणावे. यंत्र तरंगते, हे पाहायचीही गरज नाही; डोंगाही तरंगतो. बांबू कुठे टेकवणार, एवढे विचारावे.

कारण या भागात उचलण्याची यंत्रे आहेत. २०२४ च्या जुलैत आलापल्ली-भामरागड रस्त्यावर एका गरोदर बाईला जेसीबीच्या बादलीत बसवून नाला पार करावा लागला. जेसीबी उचलण्याचेच यंत्र. रस्त्याच्या कामासाठी आणलेले. पुलाचे काम चालू होते, पर्यायी रस्ता पाण्याने नेला होता. मग पूल बांधायला आलेले यंत्रच घटकाभर पूल झाले. भामरागडची गोष्ट वेगळी नाही. पर्लकोटा नदीचे पाणी पुलावर चढले की कित्येक पावसाळे तो तालुका तुटत आला. पुराच्या पाण्याने कोणी जड होत नाही. पायाखालचे तेवढे नाहीसे होते.

गुरुत्वाकर्षणाला हरवणारे यंत्रही अहेरीने पाहिले आहे. निवडणूक आली की ते येते. १९ एप्रिल २०२४ च्या लोकसभा मतदानाआधी गडचिरोलीतल्या दुर्गम केंद्रांवर कर्मचारी आणि मतदान यंत्रे हेलिकॉप्टरने पोचवली गेली. जंगलावरून, नाल्यांवरून, वेळेच्या आत. मतदान झाल्यावर परतही आणली. यात गैर काही नाही. जंगलातल्या माणसाचे मत मोजले गेलेच पाहिजे. नेण्याचे मनावर घेतले की नेता येते, एवढे त्यातून दिसले. आभाळाने वाट दिली.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, याच अहेरी तालुक्यात, आजारी पडून गेलेली आपली दोन लहान मुले आई-बापांनी खांद्यावर घेतली. एकेकाने एकेक. आरोग्य केंद्रापासून गावापर्यंत चिखलातून, नाल्यांतून ती चालत नेली. पंधरा किलोमीटर. लहान मुलाचे वजन किती असते? ते उचलता येते. सगळ्या आई-बापांना येते. पाठ्यपुस्तकाच्या हिशेबाने, वाटेतले चढ-उतार सोडले तर, त्या पंधरा किलोमीटरमध्ये गुरुत्वाकर्षणाविरुद्ध झालेले कार्य शून्य आहे.

गर्देवाडा हे गाव एटापल्ली तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेकडे आहे. १ जानेवारी २०२५ रोजी अहेरी ते गर्देवाडा एसटी सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी तिथे पोचलेली ही पहिली बस. तिच्यासाठी आधी गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी हा बत्तीस किलोमीटरचा रस्ता झाला, ताडगुड्याचा पूल झाला. बस त्यानंतर गेली.